दीड नंबराची तफावत

सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी वजनमापे निरीक्षक उठले. गजरही पाच पन्नासचाच होता. पण तो त्यांना उठवण्यासाठी नव्हता. घड्याळ बरोबर चालते आहे की नाही याची रोज एकदा खात्री व्हावी, एवढ्यासाठी ते तो लावत असत. तोंड धुऊन त्यांनी स्वयंपाकघरात दिवा लावला, मापाच्या पेल्याने दोन कप पाणी पातेल्यात ओतले, चहापुडीचा चमचा भरला आणि त्यावर आलेला उंचवटा सुरीच्या पाठीने सपाट केला. साखरेचेही तेच. पाण्याला उकळी येईपर्यंतची चार मिनिटे त्यांनी दाराशी ठेवलेल्या बुटांना दिली. खात्याकडून दर दोन वर्षांनी मिळणारे ते तपकिरी बूट, नंबर सात. ब्रश मारून झाल्यावर निरीक्षकांनी नाड्यांची टोके एकत्र धरून पाहिली. डावे टोक किंचित लांब निघाले. तेवढे त्यांनी ओढून घेतले.

पावणेसातला कुलपात किल्ली फिरली. त्यांची पत्नी इस्पितळात मुख्य परिचारिका होती. ती पाळी संपवून घरी आली. तिने चपला काढल्या, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, पाठीवर आडवी झाली आणि दोन्ही पाय भिंतीला लावून सरळ वर केले. हे ती रोज दहा मिनिटे करत असे. तिच्या टाचा जिथे टेकत तिथे भिंतीवर दोन करडे डाग पडले होते. निरीक्षकांनी ते दोनदा रंगवून घेतले होते आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उमटले होते. पाय असे वर करण्यामागे काही कारण असेल, हा विचार मात्र त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. माणसांना सवयी असतात, असे त्यांचे मत होते.

"अहो," ती छताकडे बघत म्हणाली, "मी रिटायर होतेय."

"माहीत आहे. आजपासून ब्याण्णव दिवसांनी."

"मला भाषणं नकोत, फुलं नकोत. मला चालायचंय."

"चाल की. चांगलं असतं."

"तसं नाही हो. तीस वर्षं मी वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि टोक आलं की मागे फिरले. आता एकदा असं चालायचंय, की मागे फिरायचंच नाही. धरणापासून कालव्याच्या काठाने निघायचं, ते कालवा संपतो तिथपर्यंत."

"ते शंभर किलोमीटर आहे!"

"एकशे तीन," ती म्हणाली. "चार दिवस. तुम्ही येणार का? नसेल जमत तर तसं सांगा. मी एकटी जाईन. पण तुम्ही आलात तर मला आवडेल."

घरात कोणी त्यांचा आकडा दुरुस्त करण्याची ही पहिलीच वेळ होती. तेवढ्यात तिच्यासाठी पुन्हा गरम करायला ठेवलेला चहा उतू गेला. तो नेमका किती गेला हे त्या दिवशी मोजले गेले नाही, यावरून त्यांच्या मनाची अवस्था वाचकांच्या लक्षात यावी.

"येणार," ते म्हणाले. "अर्थात येणार!"

या गृहस्थांना बाजारपेठेत 'मिलिमीटर' म्हणत. ते नाव ठेवणाऱ्यांचा हेतू फारसा चांगला नव्हता, पण निरीक्षकांनी ते पदवीसारखे स्वीकारले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या तराजूत बारा ग्रॅमची खोट निघाली तेव्हा त्यांनी त्याला भर गर्दीत पाऊण तास तोलमापाचा अर्थ समजावून सांगितला होता. अचूकपणा ही त्यांच्या दृष्टीने मायेचीच एक रीत होती. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला ते न विसरता बायकोसाठी पादत्राण आणत. उभ्याचे काम करणाऱ्या बाईला आणखी काय द्यायचे? आणि पाहुण्यांत बसले की हटकून विचारत, "आपल्या बायकोच्या पायाचा नंबर किती नवऱ्यांना पाठ असतो, सांगा बघू?" मंडळी गप्प होत. मग निरीक्षक स्वतःच उत्तर देत, "पाच." त्यांची पत्नी अशा वेळी उठून पाणी आणायला जाई.

त्याच दिवशी संध्याकाळी सरावाला सुरुवात झाली, आणि सरावाबरोबर सल्ल्यांनाही. वरच्या मजल्यावर निवृत्त ड्रिलमास्तर राहत. शाळा सुटून नऊ वर्षे झाली तरी त्यांचा आवाज अजून मैदानावरच होता.

"एकशे तीन किलोमीटर? वा! वहिनी, शाब्बास!" ते जिन्यातूनच गरजले. "साहेब, पण तुम्ही जपून हं. खुर्चीतला माणूस तुम्ही. अध्येमध्ये काही झालं तर काळजी नको, वहिनींच्या सोबतीला मी आहेच की!"

हे वाक्य निरीक्षकांच्या जिव्हारी लागले. पुढच्या सगळ्या घडामोडींत त्याचा वाटा मोठा आहे.

"बूट आधी बघा," त्यांची पत्नी म्हणाली. "लांब चालायचं तर बूट संध्याकाळी घ्यायचे, पाय थकलेला असताना. आणि चांगले ऐसपैस घ्यायचे."

"माझा नंबर सात आहे," निरीक्षक म्हणाले. "सेवापुस्तकात नोंद आहे."

"ती नोंद केव्हाची?"

"नोकरीला लागलो तेव्हाची."

"तेव्हा डोक्यावर केसही होते," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

पहिले तीन आठवडे म्हणजे नुसता उत्सव होता. तीन किलोमीटरचे पाच झाले, पाचाचे आठ. निरीक्षकांना कडकडून भूक लागू लागली. जिन्यावर धाप लागेनाशी झाली. ज्या रस्त्याने ते सव्वीस वर्षे कचेरीला गेले, त्या रस्त्यावर एक छापखाना, दोन चिंचेची झाडे आणि एक अतिशय आगाऊ पोपट आहे, हे त्यांना आता कळले. एका संध्याकाळी तर ते चक्क गुणगुणले. खात्याचे अंतर मोजायचे चाक घरी आणणे नियमात बसत नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःचे पाऊलच प्रमाणित करून घेतले होते: एकाहत्तर सेंटिमीटर. पावले मोजत चालायचे आणि घरी येऊन गुणाकार करायचा, अशी पद्धत बसली.

त्यात अडचण एकच होती.

"ते बघा, पोपट आज गप्प आहे," पत्नी म्हणे.

"दोन हजार चारशे बारा, दोन हजार चारशे तेरा... काय म्हणालीस?"

"काही नाही."

"आता चुकलं बघ! चल, मागच्या खांबापासून परत."

पण मागे फिरायचे नाही हीच तर या सगळ्याची मूळ अट होती. तेव्हा ती पुढे जाई आणि निरीक्षक एकटेच खांबापर्यंत जाऊन परत येत. अशा रीतीने ते रोज तिच्यापेक्षा थोडे जास्तच चालत.

चौथ्या आठवड्यात बूट आटले. निरीक्षकांचे शब्दशः हेच म्हणणे होते. सकाळी पायात व्यवस्थित जाणारे बूट सहाव्या किलोमीटरला आकसतात आणि बोटांना चावतात, असे त्यांनी वहीत नोंदवले. टाचांना फोड आले. उजव्या अंगठ्याचे नख आधी जांभळे, मग काळे झाले. चामडे आटते हे त्यांना पटत होते. पाऊल वाढते ही कल्पना मात्र त्यांच्या मनाला शिवतच नव्हती. ज्याने आयुष्यभर इतरांची मापे तपासली, त्याचेच माप हलायचे म्हणजे मग जगात भरवसा कशाचा धरायचा?

"सोपं आहे," ड्रिलमास्तर म्हणाले. "पिशव्यांत पाणी भरायचं, बुटात कोंबायच्या आणि बूट फ्रीझरमध्ये. बर्फ फुगतो की नाही? बूट आपोआप मोठा! विज्ञान आहे, साहेब."

विज्ञान म्हटल्यावर निरीक्षकांचा विरोधच संपला. प्रत्येक बुटात त्यांनी मापाने साडेतीनशे मिलिलिटर पाणी भरले. मात्र पिशव्या कुठल्या असाव्यात याविषयी विज्ञानाने काहीच सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पत्नीने मटार काढायला फ्रीझर उघडला, तेव्हा आत बूट, मटार आणि बर्फाचा साचा यांचा एकच अखंड डोंगर झाला होता आणि त्यातून एका नाडीचे टोक बाहेर आले होते.

"अहो," तिने शांतपणे हाक मारली, "तुमचे बूट मोठे झालेत. आता फ्रीझर लहान पडतोय."

डोंगर वितळायला दुपार झाली. बूट अर्धा सेंटिमीटर फुगले खरे, पण तळवे सुटून आले. निरीक्षक त्या दिवशी कचेरीत सँडल घालून गेले. त्याच दिवशी अकराच्या सुमारास काळ्या नखानेही त्यांची साथ सोडली. त्यांनी ते कचेरीतल्या नाजूक तराजूवर तोलले, वजन वहीत लिहिले आणि पुरावा म्हणून नख काडेपेटीत ठेवले.

आता खात्याकडे जाणे भागच होते. बूट खात्याचे, नंबर सेवापुस्तकातला. तो बदलला तर नवी जोडी मोठी मिळेल. सेवापुस्तके हेडक्लार्कच्या कपाटात असत. हेडक्लार्क सभ्य आणि सावकाश माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"फॉर्म आहे, साहेब. 'शारीरिक वर्णनातील बदल.' पण तो घट झाली असेल तरच भरता येतो. एखादं बोट वगैरे गेलंय का?"

"नख गेलंय." निरीक्षकांनी काडेपेटी उघडून टेबलावर ठेवली.

हेडक्लार्कने चष्मा वर करून आत पाहिले. "नख बोटात धरत नाहीत, साहेब."

"अहो, पण घट नाहीच. समजा, नुसतं समजा हं, पाय वाढला असेल तर?"

"वाढ म्हटलं की पगाराची. तिचा फॉर्म वेगळा." मग त्याने आवाज खाली आणला. "साहेब, एक सांगू? हे काढूच नका. पाय वाढला असं तुम्ही लेखी दिलंत, तर लेखापरीक्षण विचारणार, केव्हापासून वाढला? आणि तेव्हापासून सात नंबरचे बूट उचललेत, ते कोणाच्या पायात गेले?"

निरीक्षकांनी काडेपेटी मिटली. ज्या माणसाने बारा ग्रॅमसाठी पाऊण तास दिला, त्याच्यावर चौदा जोड बुटांच्या अपहाराचा संशय! अर्ज खिशात घालून ते परत फिरले. सँडलमुळे त्यांच्या चालण्यात हवी तेवढी प्रतिष्ठा येत नव्हती, हे त्यांना स्वतःलाही जाणवत होते.

मग त्यांनी स्वतःच नवे बूट घ्यायचे ठरवले. मात्र शास्त्रशुद्ध रीतीने. प्रमाणित मीटरपट्टी वीस अंश तापमानाला, स्थिर अवस्थेत तपासतात. तापलेली पट्टी वाढते आणि खोटे माप दाखवते. पायालाही हाच न्याय लावायला नको का? संध्याकाळचा, चाललेला, तापलेला पाय म्हणजे बिघडलेले उपकरण. म्हणून एका रविवारी निरीक्षकांनी अर्धा तास पाय टेबलावर ठेवून विश्रांती घेतली, नंतर वीस मिनिटे ते थर्मामीटर लावलेल्या बादलीत बुडवले, आणि चालल्याने मापात फरक पडू नये म्हणून ड्रिलमास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून, दोन्ही पाय जमिनीला समांतर धरून, बुटांच्या दुकानात गेले. वाटेत दोन ओळखीच्यांनी स्कूटरला काही झाले आहे का, अशी चौकशी केली.

दुकानदार वयस्क आणि मृदू बोलणारा होता. त्याने पाय मोजायचा पत्रा पुढे केला, सरकती पट्टी अंगठ्याला टेकवली आणि म्हणाला, "आठ."

"आठ?" निरीक्षकांनी खिशातून खात्याची प्रमाणित पोलादी पट्टी काढली. "हा पत्रा केव्हा तपासून घेतला होता?"

"साहेब, मी बूट विकतो. पाय तुम्ही घरून आणलाय."

निरीक्षकांनी गुडघ्यांवर बसून पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. गिऱ्हाइके बाजूला झाली. पत्रा बरोबर होता. केसभरही इकडेतिकडे नव्हता. निरीक्षक उठले, गुडघे झटकले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "ठीक. आठ."

"एकदा संध्याकाळी येऊन बघता का?" दुकानदाराने भीत भीत विचारले. "चालून आल्यावर?"

"हेच शुद्ध माप आहे," निरीक्षक म्हणाले.

बूट पाहून पत्नीने एवढेच विचारले, "सकाळी घेतलेत?" आणि उत्तर ऐकून ती भिंतीला पाय लावून आडवी झाली.

निघायला पंधरा दिवस राहिले असताना त्यांनी पंचवीस किलोमीटरची मोठी चाचणी ठरवली. शहराबाहेरून वळसा घालून बाजारपेठेतून घरी यायचे. पहिले दहा किलोमीटर निरीक्षक वाऱ्यावर होते. आठ नंबर म्हणजे महाल वाटत होता! ते बोलत होते, हातवारे करत होते, पावलांची मोजणी दोनदा चुकली तरी मागे फिरले नाहीत. चौदाव्याला महालाची खोली झाली. सतराव्याला खोलीची पेटी झाली आणि पेटीवर कोणीतरी झाकण दाबून बसले. ते मैलाच्या दगडावर बसले आणि त्यांनी बूट काढले. तळवे गरम पोळ्यांसारखे फुगले होते. पाच मिनिटे वारा खाऊन ते बूट परत घालू लागले, तर पाय आत जाईनात. त्यांनी नाड्या पूर्ण सोडल्या, बुटांची जीभ उपसून काढली, उभे राहून लाथा मारून पाहिल्या. पायांनी साफ नकार दिला.

पत्नी शांतपणे उभी होती. तिने पिशवीतून हिरव्या रबरी चपला काढल्या. मागून उघड्या, पुढे पांढरे फूल असलेल्या, वॉर्डात घालायच्या. लांब चालताना एक जोड ती नेहमी बरोबर ठेवी.

"घाला."

"तुझ्या? पाच नंबर मला कसा होईल?"

तिने चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. "रबर आहे. सैलावलंय. घाला."

चपला पायांत गेल्या; टाचा मात्र दोन बोटे बाहेर राहिल्या. बूट नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवून निरीक्षक चालू लागले. एक किलोमीटर तसाच गेला.

"मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?" शेवटी ती म्हणाली.

"संध्याकाळी घ्या."

"आणि?"

"मोठे घ्या."

"हं." मग आणखी थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "हे बघा, तुमच्याने व्हायचं नाही ते. हट्ट करू नका. पाय कायमचे दुखावून बसाल. मी जाईन एकटी. मास्तर म्हणाले तर त्यांना नेईन, नाहीतर खरंच एकटी. मला राग नाही आलेला."

ती चिडली असती तर निरीक्षकांनी वाद घातला असता. पण तिला राग आला नव्हता. अडीच महिन्यांपूर्वी तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितले होते, आणि आता ती ते समजूतदारपणे परत घेत होती.

बाजारपेठेत संध्याकाळची गर्दी होती. ज्यांच्या तराजूंवर निरीक्षकांच्या सहीचे शिक्के होते असे सगळे दुकानदार आपापल्या जागी होते. आधी किराणावाला उभा राहिला. मग धान्यवाला. नमस्कारासाठी उठलेले हात अर्ध्यावरच थांबू लागले. कोपऱ्यावर भाजीवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि त्याची नजर टाचांच्या त्या दोन बोटांवर स्थिरावली.

"साहेब," तो अतिशय आदराने म्हणाला, "मापात भरपूर खोट आहे हो. बारा ग्रॅमपेक्षा जास्तच असेल."

बाजार हसला. त्यांनी मान ताठ केली, फुलांच्या चपला फटफटवत पुढे गेले आणि पत्नीला म्हणाले, "तू हो पुढे. मी दुकानात जाऊन येतो."

दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली. पत्रा पुढे केला. पट्टी सरकली.

"साडेआठ. बोटांना जागा हवी, म्हणून नऊ घ्या."

निरीक्षकांनी पोलादी पट्टी काढली नाही. "सकाळी आठ होता."

"सकाळी सगळ्यांचेच पाय सज्जन असतात, साहेब. चालणाऱ्याचा पाय संध्याकाळी खरं बोलतो. त्यातून रोज मैलोगणती चाललं की कमान बसते, पंजा पसरतो. तो काही परत आत जात नाही." बोलता बोलता दुकानदार खाली बघून हसला. "अरे, ही चप्पल तर आमचीच की. बाईंची ना? साडेसहा."

"पाच," निरीक्षक सवयीने म्हणाले.

"नाही हो, साडेसहा. मीच बदलून..." दुकानदार थबकला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते की तोंडातून निघाले ते त्याला परत गिळायचे आहे.

"काय बदलून?"

दुकानदाराने पत्रा फडक्याने पुसला. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. "तुम्ही दर वर्षी पाच नंबर नेता ना साहेब. दुसऱ्या दिवशी अकराला, दुकान उघडलं की बाई येतात. मी साडेसहाचा जोड काढूनच ठेवतो. आधी सहा नेत, आता पुष्कळ वर्षं साडेसहा."

"किती वर्षं?"

"ते मोजलं नाही. एकदा मी म्हटलं, बाई, साहेबांना सांगून का नाही टाकत? तर म्हणाल्या, 'त्यांना नंबर पाठ आहे, याचा त्यांना केवढा आनंद आहे. राहू दे.'"

निरीक्षकांनी पायांतल्या चपलांकडे पाहिले. बाजारातली खोट त्यांनी ग्रॅममध्ये पकडली होती. घरात दीड नंबराची तफावत रोज सकाळी पावणेसातला दार उघडून आत येत होती, भिंतीला टाचा लावून आडवी होत होती, आणि त्यांनी दोनदा भिंत रंगवली होती.

"नऊ द्या," ते म्हणाले. "आणि हे आपण बोललो ते..."

"काय बोललो आपण?" दुकानदार म्हणाला आणि खोके उतरवायला शिडीवर चढला.

घरी पत्नी भिंतीला पाय लावून आडवी होती. निरीक्षकांनी सतरंजीचे दुसरे टोक उलगडले, कण्हत कण्हत तिच्या शेजारी आडवे झाले आणि आपलेही पाय भिंतीवर चढवले. काही वेळाने पायांतली ठसठस पोटऱ्यांकडे उतरू लागली, आणि इतके बरे वाटले की त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे फार छान आहे!" ते चकित होऊन म्हणाले.

"तीस वर्षं करतेय मी."

"मला सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीत," ती म्हणाली. "भिंत खराब होईल हं."

"होऊ दे."

पुढचे दिवस विलक्षण उत्साहात गेले. नऊ नंबरचे बूट कशाची कुरबूर न करता बारा, पंधरा, अठरा किलोमीटर चालले. पत्नीने त्यांना फोडांवर पट्टी कशी लावायची, मोजे मध्येच कसे बदलायचे, नखे सरळ कशी कापायची ते शिकवले आणि निरीक्षकांनी एकाही गोष्टीचा पुरावा मागितला नाही. आता त्यांना माणसांचे तळवे बघायची खोड लागली. जिन्यात ड्रिलमास्तर पायरीवर पाय ठेवून पावलांच्या मनोबलाविषयी बोलत असताना निरीक्षकांना त्यांच्या बुटाचा तळवा दिसला. रबराची नक्षी अगदी कोवळी होती, आणि टाचेजवळ किमतीची चिठ्ठी अजून शाबूत होती.

"मास्तर, हे बूट कधीचे?"

"झाली की पाच वर्षं. टिकवायला चाल लागते, साहेब!"

"नंबर?"

"सात. तरुणपणापासून सात!"

खात्याची नवी जोडी त्याच आठवड्यात आली होती, नंबर सात. निरीक्षकांनी ती मास्तरांना भेट दिली. ती त्यांना चपखल बसली. लेखापरीक्षणाने कधी विचारलेच, तर एका जोडीचे उत्तर तरी त्यांच्यापाशी तयार होते. सोबतीचा विषय मास्तरांनी पुन्हा काढला नाही. त्यांना बारीक खोकला झाला होता.

निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, चौदा किलोमीटर चालून आल्यावर निरीक्षकांनी जमिनीवर एक कोरा कागद पसरला आणि त्यापुढे बसले.

"पाय ठेव."

"कशाला हो?"

"माझे बूट चुकले. तुझे चुकायला नकोत."

"माझा पाच ना," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्हाला पाठ आहे की."

"पाठ आहे," निरीक्षक म्हणाले. "मोजलेला नाही. ठेव."

तिने पाय ठेवला. निरीक्षकांनी पेन्सिल सरळ धरून टाचेपासून सुरुवात केली. पंजा पसरट होता, करंगळीजवळ हाड वर आले होते, टाचेला जुन्या भेगा होत्या. या पायाला ते तीस वर्षे ओळखत होते आणि त्याच्या बोटांवरून पेन्सिल फिरवताना आज पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या पायाचीही रेघ पूर्ण झाली. पोलादी पट्टी खिशातच होती. त्यांनी कागदावर कुठलाही आकडा लिहिला नाही. नुसती घडी घातली.

"किती आला?" तिने विचारले.

"ते दुकानदार बघेल."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात भाषणे झाली, फुलेही झाली. नको म्हटले तरी ती होतातच. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दाराशी दोन जोड शेजारी शेजारी ठेवलेले होते. तिने पिशवी खाली ठेवली, उभ्यानेच एका बुटात पाय घातला आणि आत बोटे हलवून पाहिली. बोटे हलली. तिने बूट उलटा करून तळव्यावरचा आकडा वाचला. सात होता. तिने तो पुन्हा पायात घातला, आणि मग दुसराही. निरीक्षक स्वयंपाकघरात चहापूड घालत होते. चमच्यावर उंचवटा होता, आणि त्यांनी तो तसाच पातेल्यात टाकला.

"चहा घेतेस ना?" त्यांनी आतूनच विचारले.

"घेते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धरणापासून ते सहाला निघाले. कालव्याचे पाणी त्यांच्याच दिशेने, त्यांच्याच वेगाने चालले होते. ती बोलत होती: वॉर्डातल्या गोष्टी, कोण वाचले, कोण हसत गेले, कोणत्या म्हाताऱ्याने तिला रोज वेगळ्या नावाने हाक मारली. निरीक्षक ऐकत होते. मध्येच त्यांनी घड्याळ पाहिले. अकरा वाजले होते; बुटांचे दुकान उघडले असेल.

"किती झालं हो आत्तापर्यंत?" तिने विचारले.

"मोजलं नाही," निरीक्षक म्हणाले. "त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते सांग."